‘वय झाले’ हे उत्तर नव्हे

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची असून ती निवृत्त ग्रंथपाल आहे. मागच्या वर्षी ती दोनदा पडली. दिवसभर तिच्याजवळ थांबणे आम्हां दोघा भावंडांपैकी कोणालाच शक्य नव्हते, म्हणून तिच्या संमतीने आम्ही तिला वृद्धांच्या एका निवासात ठेवले. त्याला आठ महिने झाले. जागा स्वच्छ आहे, कर्मचारी हसून बोलतात. तरीही गेल्या तीन महिन्यांत तिचे वजन ५६ किलोवरून ५१ किलोवर आले आहे. अलीकडे मी कधीही गेले तरी ती खुर्चीत पेंगत असते. तिचे श्रवणयंत्र दोन वेळा कपाटात सापडले, एकदा तिच्या अंगावर दुसऱ्याच कोणाचा स्वेटर होता आणि गेल्या आठवड्यात कपडे बदलताना तिच्या माकडहाडावर लालसर डाग दिसला. विचारले तर व्यवस्थापक म्हणतात, ‘वय झाले की असे व्हायचेच.’ आई म्हणते, ‘तू काही बोलू नकोस, मला इथेच राहायचे आहे.’ भावाचे म्हणणे असे की तक्रार केली तर राग आईवर निघेल. मी उगीच संशय घेते आहे का? तिला तिथून हलवावे का?
— एक मुलगी

उत्तर : तुम्ही उगीच संशय घेत नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते तुम्ही नेमक्या शब्दांत आणि आकड्यांत लिहिले आहे, आणि तेवढ्यावरूनही काही गोष्टी स्पष्टपणे सांगता येतात. त्यांतल्या दोन गोष्टी पुढच्या भेटीपर्यंत थांबण्यासारख्या नाहीत, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो.

पहिली गोष्ट त्या डागाची. एकाच जागी बराच वेळ बसून किंवा पडून राहिल्याने हाडाच्या उंचवट्यावरची त्वचा दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि शय्याव्रणाची, ज्याला आपण सर्रास बेडसोअर म्हणतो त्याची, सुरुवात होते. डागावर हलकेच बोट दाबून उचलावे. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर तिथला रक्तप्रवाह अजून चालू आहे असे समजावे. दाबूनही लाली तशीच राहिली तर ती व्रणाची पहिली पायरी असते. सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का हे हाताने पाहावे लागते. टाचा आणि कंबरेच्या दोन्ही बाजूही त्याच वेळी तपासाव्यात. पहिल्या पायरीवर दाब काढला तर त्वचा बहुधा पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर जखम आत हाडापर्यंत जाऊ शकते, आणि ती भरून यायला महिने लागतात. तेव्हा आजच फोन करून परिचारिकेला किंवा डॉक्टरांना तो डाग पाहायला सांगा. त्यांनी काय पाहिले, कूस किती वेळाने बदलायची ठरली, दाब विभागणारी गादी किंवा उशी दिली का, हे लेखी नोंदवून मागा. मधे भोक असलेली गोल उशी देऊ नये आणि लाल जागेवर चोळून मालीशही करू नये. दोन्ही उपाय चांगल्या हेतूने केले जातात, पण त्यांनी त्वचेचे नुकसान वाढू शकते.

दुसरी गोष्ट पेंगण्याची. म्हाताऱ्या माणसाला दुपारी डुलकी लागते हे खरे आहे, पण पूर्वी जागी राहणारी, वाचणारी व्यक्ती अलीकडे कधीही गेले तरी पेंगलेली दिसत असेल तर तो बदल आहे, आणि बदलाला कारण असते. मूत्रमार्गातला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, नव्याने सुरू झालेले औषध किंवा वाढवलेली मात्रा यांपैकी कशानेही वृद्ध व्यक्तीची शुद्ध मंदावते. अशा वेळी माणूस बडबड किंवा आरडाओरडा करतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त गप्प होतो आणि झोपून राहतो, आणि कोणाला त्रास देत नाही म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्याच, आणि त्याच वेळी आईंना सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी मागून ती निवासात दाखल होतानाच्या यादीशी ताडून पाहा. नवे काय आले, ते कोणी लिहून दिले, कशासाठी दिले आणि ते चालू ठेवायचे की नाही याचा विचार कधी होणार, हे विचारण्याचा आईंना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांच्या संमतीने तो तुम्हालाही आहे. रात्री शांत झोप लागावी म्हणून सुरू केलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत राहू शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरची काही औषधे सर्रास दिली जात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. तुमच्या आईंना असे काही दिले जात आहे असे मी म्हणत नाही. यादी पाहिल्याशिवाय कोणीच तसे म्हणू नये. मात्र यादी पाहायची राहू नये, आणि कोणतेही औषध आपल्या मनाने एकदम बंदही करू नये.

आता व्यवस्थापकांच्या त्या वाक्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णालयांतल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शय्याव्रणाचा धोका कोणाला जास्त आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच बाबी पाहायला सांगितल्या : शारीरिक प्रकृती, मानसिक स्थिती, चालते-फिरतेपणा, अंग हलवण्याची क्षमता, आणि मलमूत्रावरचे नियंत्रण. या मूळ पाच बाबींत वय नाही. वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करणाऱ्या त्या परिचारिकेलाही वय हे कारण म्हणून नोंदवावेसे वाटले नाही, याला मला मोठा अर्थ वाटतो. वय वाढल्याने त्वचा नाजूक होते, तहान कमी लागते, स्नायू घटतात, हे सगळे खरे आहे. पण त्यावरून अधिक काळजी घेतली पाहिजे एवढेच ठरते. काळजी कमी पडली तर चालेल, असे त्यातून निघत नाही.

वजनाचेही तसेच आहे. ५६ किलोमधून ५ किलो गेले म्हणजे जवळजवळ ९ टक्के वजन तीन महिन्यांत उतरले. वृद्धांच्या शुश्रूषेत महिन्याभरात ५ टक्के, तीन महिन्यांत साडेसात टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन न ठरवता कमी झाले तर ती चौकशी करण्याजोगी घट मानली जाते. तुमच्या आईंनी ही मर्यादा ओलांडली आहे. निवासात दर महिन्याला वजन नोंदवले जात असेल तर हा उतार कागदावर दिसायला हवा होता, आणि दिसल्यावर कोणीतरी आपण होऊन तुम्हाला फोन करायला हवा होता. आजार हे कारण असू शकते, त्यासाठी तपासण्या होतीलच. पण त्याआधी एकदा जेवणाच्या वेळी जाऊन शेजारी बसा आणि पाहा. ताट हाताच्या अंतरावर ठेवले जाते की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला? भांड्याचे झाकण आईंना उघडता येते का? वजन उतरल्याने कवळी सैल होऊन चावताना दुखते का? घास गिळताना ठसका लागतो का? ज्यांना भरवावे लागते त्यांना सावकाश भरवायला अर्धा तासही लागू शकतो. एका सेविकेकडे एकाच वेळी पाच-सहा जण असतील तर तो अर्धा तास येणार कुठून, हा प्रश्न तिला विचारून उपयोग नाही, तो व्यवस्थापनाला विचारला पाहिजे. आणि पाणी. पुष्कळ वृद्ध माणसे मुद्दाम पाणी कमी पितात, कारण प्यायले की शौचालयात न्यायला कोणाला तरी हाक मारावी लागते आणि हाकेला लगेच ओ येत नाही. आधार दिला तर शौचालयापर्यंत चालत जाऊ शकणाऱ्या व्यक्तीला केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी डायपर लावला जातो का, हे पाहिले की त्या निवासाविषयी पुष्कळ काही कळते.

तुम्ही लिहिले आहे की जागा स्वच्छ आहे आणि लोक हसून बोलतात. या गोष्टी चांगल्याच आहेत, आणि निवास निवडताना आपण सगळे आधी त्याच पाहतो, कारण पाहुण्याला त्याच दिसतात. आवेडिस डोनाबेडियन या वैद्यकतज्ज्ञांनी १९६६ मध्ये शुश्रूषेची गुणवत्ता तीन ठिकाणी शोधायला सांगितले होते : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे इमारत, खाटा, मनुष्यबळ. प्रक्रिया म्हणजे रोज प्रत्यक्ष काय केले जाते. आणि परिणाम म्हणजे त्या व्यक्तीचे अखेर काय होते. स्वच्छ लादी रचनेत येते. डाग, वजन आणि पेंगणे हे परिणाम आहेत. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे रात्री कूस बदलली गेली का, घंटा वाजवल्यावर कोण किती वेळाने आले, हा तुम्हाला दिसत नाही, आणि नेमके तिथेच काहीतरी कमी पडत असावे.

तो भाग पाहायचा तर भेटीच्या वेळा बदला. मी सुचवतो की पुढच्या दोन आठवड्यांत एकदा सकाळी लवकर, एकदा रात्रीच्या जेवणाला, एकदा सुट्टीच्या दिवशी आणि एकदा कर्मचाऱ्यांची पाळी बदलताना जा. पाळी बदलताना एकीने दुसरीला काय सांगितले ते कानावर येते. ‘सात नंबरचे झाले’ असे ऐकू येते की आईंचे नाव घेऊन त्या आज काय जेवल्या ते सांगितले जाते, इकडे लक्ष ठेवा. कर्मचारी आईंशी बोलतात की त्यांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतात? काल अंघोळ कोणी घातली, हा साधा प्रश्न विचारा. उत्तर लगेच आले तर आईंना ओळखणारे कोणीतरी तिथे आहे. दर आठवड्याला नवी माणसे येत असतील तर कालचा डाग आज वाढला हे कोणाला कळणार? माझ्या एका जवळच्या नातेवाईक बाई शेवटची तीन वर्षे अशाच एका निवासात होत्या. त्यांच्या पायावरची सूज सर्वांत आधी तिथल्या एका सेविकेच्या लक्षात आली, कारण वर्षभर रोज पायमोजे तीच घालत होती. चांगल्या शुश्रूषेचा विचार करताना मला अजूनही आधी ती सेविका आठवते.

श्रवणयंत्र आणि स्वेटर यांना तुम्ही पत्रात जेमतेम एक वाक्य दिले आहे. मी त्यांना अधिक महत्त्व देईन. ऐकू येत नसले की माणूस संभाषणातून बाहेर पडतो, विचारलेल्याला भलतेच उत्तर देतो, आणि मग त्याची स्मृती गेली असा शिक्का बसतो. यंत्र कपाटात राहिले याचा अर्थ आईंचा तो सगळा दिवस बाहेरच्या जगापासून तुटला, आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही किंवा आले तरी त्याचे महत्त्व वाटले नाही. दुसऱ्याचा स्वेटर अंगाला ऊब देतो, पण ज्या बाईंनी आयुष्यभर हजारो पुस्तकांची जागा ध्यानात ठेवली त्यांची स्वतःची कपाटातली चार वस्त्रे कोणाला ओळखू येऊ नयेत, ही त्यांची अवहेलनाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ मध्ये वृद्धांसाठी स्वीकारलेल्या तत्त्वांत शुश्रूषेबरोबरच स्वातंत्र्य, सहभाग, आत्मपूर्ती आणि प्रतिष्ठा यांनाही स्थान आहे. याला व्यवहाराची बाजूही आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तिथल्या एका गटातल्या वृद्धांना लहानसहान निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एकेक रोप दिले. दुसऱ्या गटाला, सगळी काळजी कर्मचारी घेतील, असे सांगितले. पहिल्या गटातली माणसे काही आठवड्यांत अधिक आनंदी आणि अधिक सक्रिय दिसली. आईंना कधी उठायचे, काय घालायचे, कुठे बसायचे हे कोणी विचारते का, ते विचारा. त्या शेवटचे पुस्तक केव्हा वाचत होत्या आणि चष्मा कुठे आहे, तेही.

आता बोलायचे कसे, याविषयी. वाटेत गाठून व्यवस्थापकांशी बोलू नका. परिचारिका-प्रमुख आणि व्यवस्थापक दोघेही हजर असतील अशी बैठक मागा. त्वचा, वजन, पेंगणे आणि श्रवणयंत्र एवढेच चार मुद्दे तारखांसह घेऊन जा. ‘तुम्ही दुर्लक्ष करता’ अशी सुरुवात केली की समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो. ‘हे चार बदल आम्हाला दिसले, तुमच्या नोंदीत काय आहे?’ असे विचारले की नोंदवही उघडावी लागते, आणि ती उघडली की पुष्कळ उत्तरे आपोआप मिळतात, कधी कधी त्या कोऱ्या पानांतूनही. प्रत्येक मुद्द्याचे काम कोण करणार आणि ते पुन्हा कोणत्या दिवशी पाहायचे, हे ठरवून घ्या, आणि त्याच संध्याकाळी ठरलेले सगळे लिहून त्यांना पाठवा. जी सेविका मनापासून करते तिचे नाव घेऊन त्या बैठकीत कौतुकही करा. ते खरे असेल तेव्हाच करा, पण विसरू नका, कारण तिच्याविषयी वर चांगले सांगणारे बहुधा कोणीच नसते.

‘राग आईवर निघेल’ ही तुमच्या भावाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अशी भीती अनेक कुटुंबांना असते, आणि तिला आधार असतोही. पण जिथे प्रश्न विचारल्याची शिक्षा आजारी माणसाला होईल असे कुटुंबाला वाटते, तिथे गप्प राहून आई सुरक्षित होत नाही. ज्यांच्याकडे नियमाने, वेगवेगळ्या वेळी कोणीतरी येते, बसते आणि विचारते, त्यांच्याकडे सहसा अधिक लक्ष दिले जाते. भावालाही बैठकीला घेऊन जा. एकट्या मुलीची ती काळजी आणि दोघांची ती तक्रार, असा फरक लोक करतात. तो करू नये असे मला वाटते, पण करतात.

काही गोष्टी मात्र बैठकीसाठी थांबवायच्या नाहीत. ज्याचे कारण कोणाला सांगता येत नाही असा मार किंवा वळ, हात किंवा कंबर बांधून ठेवणे, धमकावणे, पैसे किंवा वस्तू नाहीशा होणे, किंवा एखादी विशिष्ट व्यक्ती खोलीत आल्यावर आईंचा चेहरा बदलणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा, छायाचित्रे घ्या आणि अशा निवासांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे जा. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही, पण भेटीच्या वेळा बदलाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

हलवावे का, याचे उत्तर मी आज देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. जागा बदलणे या वयात सोपे नसते. नवी माणसे, नवा पलंग, रात्री शौचालयाची दिशा चुकणे, यांनी प्रकृती आणखी खालावू शकते, आणि पुढची जागा याहून चांगली निघेल याची हमी नसते. पण त्यासाठी धोका सहन करत बसायचे असेही नाही. त्वचेच्या बाबतीत सुधारणा काही दिवसांत दिसली पाहिजे. वजन आता दर आठवड्याला घ्यायला सांगा आणि चार आठवड्यांत निदान उतार थांबला पाहिजे. सहा आठवड्यांनी नोंदी, वजन आणि आईंचा चेहरा हे तीनही पुढे ठेवून तुम्ही तिघांनी मिळून ठरवावे. दरम्यान दुसऱ्या दोन जागा पाहून ठेवायला हरकत नाही.

आईंना निवासात ठेवून चूक केली का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळींमागे ते मला ऐकू आले. दोनदा पडलेल्या आईंसाठी, त्यांच्या संमतीने, चोवीस तास माणूस असलेली जागा शोधली, यात चूक नाही. काळजीचा काही भाग तुम्ही इतरांवर सोपवला आहे, आणि तो नीट होतो का हे पाहणे तुमच्याकडे राहिले आहे. ते तुम्ही करतच आहात, म्हणून तर हे पत्र आले.

‘तू काही बोलू नकोस’ असे आईंनी म्हटले, त्यावर शेवटी लिहितो, कारण ते सर्वांत नाजूक आहे. हा निर्णय पहिल्यांदा त्यांचा आहे. आयुष्य त्यांचे आहे, आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास त्यांना त्या माणसांबरोबर काढायचे आहेत. म्हणून बैठकीच्या आधी, दार लोटून, त्यांच्याशी एकट्याने बोला. नेमकी कशाची भीती वाटते हे विचारा : कोणा एका व्यक्तीची, इथून काढून टाकतील याची, की मुलांना त्रास होईल याची. ही तीन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. त्यांना इथेच राहायचे आहे हे तुम्ही मानता, आणि इथे चांगले राहता यावे म्हणूनच विचारणार आहात, हे सांगा. कोणते मुद्दे काढायचे आणि कोणते आत्ता नकोत हे त्यांना ठरवू द्या. शक्य असेल तर बैठकीत त्यांनाही बसवा. त्वचा आणि औषधे यांच्याबाबत मात्र गप्प राहण्याचे वचन देऊ नका, आणि ते का देता येत नाही हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

जाताना श्रवणयंत्राच्या नव्या बॅटऱ्या आणि चष्मा पुसायला मऊ कापड घेऊन जा. यंत्र कानात बसवून, चालते का ते पाहून, मगच बोलायला सुरुवात करा. मागच्या वेळी ‘तू काही बोलू नकोस’ असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांना तुमचे अर्धेच बोलणे ऐकू आले असण्याची शक्यता आहे.